मुरुडकरांनो, मारा बघायला जाताय?

आमच्या मुरुडात कुणी आफ्रिकेला निघालं की अर्धा गाव त्याला सल्ला द्यायला येतो. त्यातल्या बहुतेकांनी आफ्रिका पाहिलेली नसते, म्हणून सल्ला अधिक ठाम असतो. "सिंहाच्या डोळ्यांत बघू नको", "पाणी इथनंच ने", आणि वहिनीचा खास प्रश्न, "सिंह दिसला नाही तर पैसे परत देतात का हो?"

खरं तर मुरुडच्या माणसाला आफ्रिका नवी नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा, डिसेंबर १९३० मध्ये निघाले. मोंबासा, युगांडा, टांगानिका, झांजिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका आणि थेट दक्षिण आफ्रिका अशी सुमारे पंधरा महिन्यांची फेरी त्यांनी केली. वय बहात्तर. बघायचं काय, तर स्त्रीशिक्षणाच्या कामाला आधार देतील अशी माणसं. आपण बघायला निघालोय ते केनियातलं मसाई मारा अभयारण्य झालं १९६१ साली, तेव्हा सिंह न बघता परतल्याबद्दल अण्णांना कुणी बोल लावू नये. आणि ज्यानं तरुणपणी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायपीट केली, आणि वर 'लहान दिसतोस' म्हणून परत पाठवलं तेही सोसलं, त्याला प्रवासाचा सल्ला आपण काय देणार?

आपल्याला मात्र लागतो. पहिली गोष्ट सामानाची. नैरोबीहून माराला छोटं विमान धरलंत, तर साधारण पंधरा किलो सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. चाकांची टणक पेटी घरीच ठेवा. पंधरा किलोत कॅमेराही आला आणि दुर्बीणही. आपल्याकडे तेवढं वजन नुसत्या खाऊचं भरतं. त्यात पुन्हा केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. आपलं सगळं बांधणं म्हणजे पिशवीत पिशवी, तिला रबरबँड आणि वर आणखी एक पिशवी, 'असू दे' म्हणून. मेतकूट डब्यात भरा, आंबापोळी कापडात गुंडाळा. जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवणारी आजी घरात असेल तर तिला कामाला लावा.

कपडे खाकी किंवा मातकट. गडद निळ्या आणि काळ्या रंगावर त्सेत्से माश्या धावून येतात. लष्करी ठिपक्यांचे कपडे तर केनियात नेऊच नका, त्यांना बंदी आहे. आणि स्वेटर घ्या. विषुववृत्ताजवळ असलं तरी मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या आसपास उंच आहे. पहाटे उघड्या जीपमध्ये, थंडी म्हणजे काय हे न कळणारा कोकणी माणूस कुडकुडतो, आणि मग पुण्याच्या भाच्याची माकडटोपी अचानक शहाणी वाटायला लागते. चहा जरा बेतानं प्या. जीपमधून हवं तेव्हा उतरता येत नाही. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगितलं.

आता मुख्य मुद्दा. मुरुडच्या किनाऱ्यावरून डॉल्फिन बघायला होड्या जातात. पाण्यात काळी पाठ दिसली रे दिसली की होडीतले सगळे एकाच बाजूला उठतात, "तो बघ, तो बघ" असा गलका होतो, आणि डॉल्फिन आल्या पावली परत. माऱ्यात हीच सवय जीपमध्ये चढते. एका चालकाला चित्ता दिसला की रेडिओवर बाकीच्यांना कळतं, आणि बघता बघता गाड्यांचा गराडा पडतो. चित्ता शिकार करतो दिवसा, लांबवर नजर ठेवून. भोवती एवढी जत्रा भरली की शिकार हुकते, आणि पिल्लं उपाशी राहतात ती वेगळीच. माझं म्हणणं एवढंच, की अशा वेळी चालकाला "राहू दे, पुढे चल" म्हणावं. गराड्यातल्या फोटोत चित्त्यापेक्षा दुसऱ्यांच्या टोप्याच जास्त येतात. आणि पुढे नुसतं गवत लागलं, दूरवर एखादं जिराफ चरत असलं, तरी अर्धा तास बसून बघा. एस.टी.ची वाट बघून वाढलेल्या माणसाला एवढा धीर जमायला हवा.

वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र नाही असंच आहे. जुलै ते ऑक्टोबरात गेलात तर विल्डबीस्टचे कळप नदी ओलांडताना दिसण्याची शक्यता चांगली असते. हमी कुणी देत नाही. आपला होडीवालाही देत नाही, तरी आपण पैसे देतोच ना?

जेवणाची चिंता नको. कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर चिरून वर लिंबू पिळलेली कोशिंबीर ताटात येईल. तिला तिथंही कचुंबरी म्हणतात, आणि चपातीला चपाती. अण्णांच्या काळीही आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर गुजराती व्यापाऱ्यांची घरं होती. चपाती तिथं कुणाबरोबर पोचली, हे काही फार मोठं कोडं नाही.

राहिली पीतज्वराची लस. निघायच्या निदान दहा दिवस आधी टोचून घ्या, आणि पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवा. परत येताना मुंबईच्या विमानतळावर सिंह दिसला का, असं कुणी विचारत नाही. कार्ड विचारतात. ते नसलं तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात, आणि तेवढ्यात मुरुडात तुमच्या सफारीची तीनचार रूपं तयार झालेली असतात, बहुतेकांत सिंहाने तुम्हाला खाल्लेलं.