पाणी कधी आहे?

सहकुटुंब देवगिरीला यायची प्रथा महंमद तुघलकाने पाडली. 1327 च्या सुमारास त्याने दिल्लीची राजधानी इकडे हलवली, देवगिरीचं दौलताबाद केलं आणि दरबारी, बायकापोरं, म्हातारेकोतारे अशा सगळ्या लवाजम्याला इथे मुक्कामाला आणलं. काही वर्षांनी लवाजमा परतही गेला. का गेला, याची कारणं इतिहासकार आपापल्या परीने देतात. मी छत्रपती संभाजीनगरात सिडकोत राहतो, त्यामुळे माझं मत जरा वेगळं आहे. एवढी माणसं घेऊन निघण्याआधी तुघलकाने एक सांडणीस्वार पुढे धाडून विचारायला हवं होतं, ‘पाणी कधी आहे?’

हा प्रश्न आमच्याकडे ख्यालीखुशालीच्या जागी विचारतात. जिन्यात दोन शेजारी भेटले तर ‘काय, बरं आहे ना?’ असं कोणी म्हणत नाही. ‘तुमच्याकडे आलं का?’ म्हणतात. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, सुनेच्या बाळंतपणाची चौकशी चाललीये. एका अर्थी ती तशीच असते. तारीख दिलेली असते, पण नेमकं कधी ते कोणीच सांगू शकत नाही, आणि बहुतेक वेळा ते रात्री-अपरात्रीच होतं. नळ कधी पाचव्या दिवशी येतो, कधी आठव्या. ‘आशियातलं सर्वात वेगाने वाढणारं शहर’ हे बिरुद आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. शहर वेगाने वाढून पुढे गेलं, पाणी आपलं चालत चालत मागून येतंय.

तर दिवाळी संपता संपता डोंबिवलीहून आत्याचा फोन आला.

“शनिवारी येतोय रे. फार नाही, आपली घरचीच.”

‘घरचीच’ म्हणजे एक्क्याऐंशी वर्षांची आत्या, तिचा मुलगा बंडूदादा, वहिनी, वहिनींच्या आई, कॉलेजात जाणारा मुलगा, लग्न झालेली मुलगी, जावईबापू आणि आत्याचा चार वर्षांचा पणतू. पिढ्या चार, डोकी आठ. घरचे आम्ही चौघं. मी फोन ठेवायच्या आत बायकोने कॅल्क्युलेटर काढला. जमिनीतला हौद दोन हजार लिटर, गच्चीवरची काळी टाकी एक हजार. तीन हजार भागिले पाच दिवस भागिले बारा माणसं, म्हणजे माणशी दिवसाला पन्नास लिटर. त्यात आंघोळ, कपडे, भांडी, संडास आणि जावई.

जावईबापू लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्याकडे येत होते. त्यांना मोजून पाणी देणं म्हणजे ताटात मोजून पुऱ्या वाढण्यासारखं. “त्यांना दोन बादल्या,” आईने निकाल दिला. “एक तुझ्यातली.” पाच दिवस मी घामाघूम होऊन मराठवाड्याची आतिथ्यपरंपरा सांभाळली ती अशी.

दुसरं गणित वारांचं. सोमवारी अजिंठा बंद असतं, मंगळवारी वेरूळ. सगळा भारत बहुधा शनिवार ते मंगळवारच आमच्याकडे येतो, म्हणून हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ असतं. सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, अशी उलटी बेरीज करून मी कार्यक्रम आखला. गेल्या पंधरा वर्षांत मी ही दोन्ही लेणी पाहुण्यांबरोबर इतक्यांदा पाहिलीयत की तिथली माकडंही मला ओळख देतात.

शनिवारी पहाटे नळ आला, दुपारी पाहुणे आले. योग जुळला म्हणून आम्ही नवराबायकोने एकमेकांकडे समाधानाने पाहिलं. बंडूदादा “जरा फ्रेश होतो” म्हणून न्हाणीघरात गेला आणि आतून शॉवरचा आवाज यायला लागला. वर्षानुवर्षं आम्ही तो शॉवर लग्नात मिळालेल्या घड्याळासारखा नुसता भिंतीवर लावून ठेवला होता. तो चालू होतो हे मलाच माहीत नव्हतं. दादा वीस मिनिटं गात होता. प्रत्येक कडव्याला बायको टाकीच्या दिशेने वर बघत होती.

रविवारी सकाळी बीबी का मकबरा. इथे पहिलं वाक्य काय येणार हे मला ठाऊक असतं. तिकीट हातात पडल्यावर चौथ्या पावलाला जावईबापू म्हणाले, “पण ताज मोठा आहे, हो.” मकबऱ्याचं नशीब श्रीमंत चुलत्याच्या घरी वाढलेल्या पोरासारखं आहे, त्याला स्वतःच्या नावाने कोणी हाकच मारत नाही. मी ठरलेलं उत्तर दिलं. ताजला कोट्यवधी रुपये लागले, मकबरा सात लाखांच्या आत बसवला. आहे त्या बजेटात घर उभं केलेल्या कुठल्याही माणसाने खरं तर आधी मकबऱ्यापुढे हात जोडावेत.

“आणि ताज नवऱ्याने बायकोसाठी बांधला,” मी म्हणालो, “हा मुलाने आईसाठी. औरंगजेबाच्या मुलाचं, आझमशाहाचं, नाव सांगतात.”

आत्याने काठी टेकून वर घुमटापर्यंत नजर नेली आणि मग सावकाश बंडूदादाकडे आणली.

“आई,” दादा घाईने म्हणाला, “मी या महिन्यात तुझ्या बाथरूमला धरायचा दांडा बसवतोच.”

तिथून पाणचक्की. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर आणायचं, उंच भिंतीवर चढवायचं, तिथून खाली सोडायचं आणि त्या धारेने जातं फिरवून फकिरांसाठी, गोरगरिबांसाठी पीठ दळायचं, अशी ती योजना. मी रंगात येऊन सांगत होतो. 1610 साली मलिक अंबरने खडकी, म्हणजे आमचं हे शहर, वसवली आणि शहराला पाणी द्यायला नहर खोदली. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार आणि डोकं. पाणचक्की नंतरची, पण तिची पाणी आणायची रीत तीच.

आत्या वडाच्या सावलीत बसून ऐकत होती. भिंतीवरून पडणाऱ्या धारेकडे बघत तिने विचारलं,

“हे पाणी चारशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीने येतं?”

“हो ना!”

“रोज?”

मी पणतूला माशांच्या हौदाकडे घेऊन गेलो.

सोमवारी वेरूळ. चौतीस लेणी आहेत, पहिली बारा बौद्ध, मग सतरा हिंदू, शेवटची पाच जैन. पण चार पिढ्या घेऊन गेल्यावर लेणं एकच असतं, ते म्हणजे सोळावं, कैलास. बाकीची ‘पुढच्या वेळी’ या सदरात जातात. कैलास हे कळसापासून खाली पायाकडे कोरत आलेलं आहे हे ऐकून पणतूने मान वर केली. “आणि मधेच चुकलं तर?” त्याने विचारलं. पंधरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळापासून बाराशेहून अधिक वर्षं उलटली, पण तिथे खोडरबर कोणाकडेच नव्हतं एवढंच मी सांगू शकलो. पोरगं बराच वेळ हत्तीच्या पायाशी उभं राहून चूक शोधत होतं.

जवळच घृष्णेश्वर, बारा ज्योतिर्लिंगांतलं. गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी कमरेच्या वरचे कपडे उतरवायचे असतात. बाहेर आम्ही चौघं रांगेत उघडेबंब उभे राहिलो तेव्हा आमच्या खानदानाचा इतिहास सलग दिसला. सुरुवातीला पणतूच्या बरगड्या, मग जावईबापूंचं नुकतंच बाळसं धरलेलं पोट, मग माझं, शेवटी बंडूदादाचं. वहिनी फोटो काढायला निघाल्या होत्या. आत्या म्हणाली, “राहू दे गं, दोन दिवसांपूर्वी फराळाच्या डब्याशी पाहिलंय सगळं.”

मंगळवारी अजिंठा. शंभर किलोमीटर गाडी, मग फाट्यावरून लेण्यांची बस, मग पायऱ्या. पायऱ्यांशी डोलीवाले उभे असतात. खुर्चीला दांडे लावलेले, चौघं उचलणार. मी आत्यासाठी भाव ठरवला. तिने डोलीकडे बघितलं, मग चौघांकडे.

“मी अजून जिवंत आहे,” ती म्हणाली. “चौघांच्या खांद्यावरून जायची घाई मला नाही.”

आणि काठी टेकत चढायला लागली. प्रत्येक वळणावर बसली, बाटलीतलं घोटभर पाणी प्यायली, पण चढली. ठरवलेली डोली वाया कशाला घालवायची, म्हणून तीत जावईबापू बसले. आदल्या दिवशी त्यांचा गुडघा लचकला होता म्हणे. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या चित्रासमोर आत्या हात जोडून उभी होती, तेव्हा मागून जावईबापूंची पालखी वाजतगाजत पोचली.

रात्री मी आणि जावईबापू ‘पान खाऊन येतो’ सांगून बाहेर पडलो आणि जुन्या शहरात नान खलिया खाऊन आलो. हा पदार्थ तुघलकाच्या सैन्याबरोबर आला असं इथे सांगतात. खरंखोटं कोण जाणे, पण तुघलकाचा एक निर्णय तरी बरोबर होता असं मानायला मला आवडतं. परतल्यावर दारातच आईने विचारलं, “पानाला एवढा गरम मसाला घालतात?”

बुधवारी पैठण, पन्नासएक किलोमीटर. आत्याचं माहेर त्या तालुक्यातलं, म्हणजे माझं मूळ गावही तेच. 1972 च्या दुष्काळात ती बाळंतपणाला माहेरी आली होती. हा बंडूदादा त्या दुष्काळातला. त्याला पहिली आंघोळ घातली ती तांब्याभर पाण्याने, आणि ते पाणी मग तुळशीला. “म्हणून हा आता चार बादल्या घेतो,” आत्या म्हणाली, “मागची थकबाकी वसूल करतो.”

नाथांच्या वाड्यात रांजण आहे. प्रत्यक्ष श्रीकृष्ण श्रीखंड्याचं रूप घेऊन बारा वर्षं एकनाथांच्या घरी पाणी भरत होता, ही कथा आत्याने पणतूला तिथेच बसून सांगितली. बायको मन लावून ऐकत होती. नाथांच्या घरी रोज पंगती उठायच्या, आल्यागेल्याला कोणी कधी नाही म्हणालं नाही, हे आम्ही कीर्तनातून ऐकलेलं असतं. पण त्यामागचं नियोजन त्या दिवशी तिला उमगलं. “देव घरी पाणी भरत असेल,” ती माझ्या कानाशी म्हणाली, “तर मीही रोज पंगत उठवीन.”

मग धरण. जायकवाडीची कोनशिला लालबहादूर शास्त्रींनी 1965 साली बसवली, उद्घाटन इंदिरा गांधींनी 1976 साली केलं. सत्तावीस दरवाजे आणि मागे पलीकडचा काठ न दिसणारा नाथसागर. आमच्या शहराला पाणी येतं ते इथूनच, उपसून, चढावर. भरलेल्या जलाशयावर ऊन चमकत होतं. या वेळी मला कोणीच काही विचारलं नाही. अकरा माणसं आधी पाण्याकडे आणि मग माझ्याकडे नुसती बघत होती.

घरी आलो तेव्हा टाकीने तळ दाखवला होता. हौदात काठी घातली तर ती जेमतेम वीतभर ओली झाली. गुरुवारी सकाळी पाहुणे निघणार होते आणि आठ जणांना आंघोळीशिवाय गाडीत बसवायची नामुष्की समोर दिसत होती. टँकरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “उद्या दुपारून जमंल.” बायकोने स्वयंपाकघरात दोन बादल्या झाकून ठेवल्या, त्या कोणाच्या हे सांगायला नकोच.

रात्री अडीचला खालून हाक आली, “आलं होऽऽ!”

आमच्या गल्लीत या हाकेला मेलेला माणूसही उठेल. मी मोटर लावायला धावलो आणि नेमकी वीज गेली. नळाला बारीक धार होती, ती हौदात पडत होती, पण हौदातून वर चढवणार कोण? तेवढ्यात मागे काठीचा आवाज आला. आत्या अंगणात खुर्ची मागवून बसली. “रांग लावा,” ती म्हणाली.

पुढचा दीड तास मी विसरणार नाही. हौदाशी बंडूदादा, पायरीवर मी, जिन्यात जावईबापू हाफपँटमध्ये, लचकलेला गुडघा पूर्ण बरा झालेला. वर पोरीबाळी. हंडे, कळशा, पातेली, कुकर, पुरणाचं पातेलं, दिवाळीच्या चिवड्याचे रिकामे डबे, सगळं भरलं. वहिनींच्या आई मोबाइलचा उजेड धरून उभ्या होत्या. कॉलेजातला मुलगा पाच दिवसांत पहिल्यांदाच हातात मोबाइल नसताना दिसला, कारण तोच त्या आजींच्या हातात होता. पणतूने त्याची शाळेची बाटली सात वेळा भरून बादलीत ओतली आणि प्रत्येक वेळी टाळ्या घेतल्या. “सांडू नका रे,” आत्या अंधारातून म्हणत होती, “सांडू नका.” पहाटे चारला वीज आली आणि मोटर घरघरली, तेव्हा आम्ही सगळे पायऱ्यांवर बसून चहा पीत होतो. चहाला पाणी किती टाकू, असं त्या रात्री बायकोने कोणालाच विचारलं नाही.

सकाळी आठही जणांच्या आंघोळी झाल्या. बंडूदादा न्हाणीघरातून पाच मिनिटांत बाहेर आला. एकच बादली, तीही अर्धी उरवलेली. आत्याने त्याच्याकडे मकबऱ्यापाशी पाहिलं होतं त्याहून कितीतरी कौतुकाने पाहिलं.

आठवड्याने पुतणीचा, बंडूदादाच्या मुलीचा, फोन आला. बालवाडीतल्या बाईंनी मुलांना विचारलं होतं, सुट्टीत काय काय पाहिलं? आमचं पोरगं उभं राहिलं. कैलास नाही, पद्मपाणी नाही, मकबरा नाही. त्याने सांगितलं, “काकाआजोबांकडे रात्री पाणी आलं, ते पाह्यलं.”

तेव्हा मंडळी, तुम्हीही या. घर तुमचंच आहे. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, एवढं ध्यानात ठेवा. मात्र तिकिटं काढायच्या आधी एक फोन करा, पाणी कधी आहे ते सांगतो.