जाता जाता

आमच्या वहिनी कुठंही नुसत्या जात नाहीत. दळण टाकायला निघाल्या की जाता जाता विजेचं बिल भरतात, बिल भरायला गेल्या की जाता जाता कुणाची तरी विचारपूस करतात, आणि विचारपूस करता करता आजाऱ्याच्या उशाशी बसून दोन जुड्या मेथी निवडतात. मेथी अर्थातच स्वतःची, घरून पिशवीत घालून आणलेली. एका फेरीत एकच काम करून परतणाऱ्या माणसाकडं त्या, नळ उघडा टाकून गावाला गेलेल्या माणसाकडं बघावं तशा बघतात.

ही जात गावोगाव सापडते, पण हुबळी-धारवाडची हवा तिला विशेष मानवते. मुळात हे गावच जोडून घेतलेलं. वीसेक किलोमीटर अंतरावरची दोन शहरं, एकाची माती काळी, दुसऱ्याची तांबडी. एक व्यापारात आणि रेल्वेत रमलेलं, दुसरं कॉलेजात आणि गाण्यात. 1962 साली दोघांची मिळून एक महापालिका झाली आणि मध्ये एक छोटी आडवी रेघ आली. सरकारदरबारी हुबळीची 2014 साली हुब्बळ्ळी झाली, रेघ मात्र तीच राहिली. वहिनींचा संसार त्या रेघेवर चालतो. त्या राहतात हुबळीत, विद्यानगरला, आणि पार्लरला जातात धारवाडला.

"हुबळीत पार्लरं नाहीत का?" मी विचारलं. मी आता पुण्याची. असले प्रश्न मला पडतात.

"आहेत की. पण मग पेढे कोण आणणार, वन्सं?"

नुसत्या पेढ्यांसाठी लाईन बझारला जाणं उधळपट्टी, नुसत्या पार्लरसाठी धारवाड गाठणं थेर. दोन्ही एकत्र केलं की 'कामाची फेरी' होते. ही फेरी चिगरीनं होते. चिगरी म्हणजे इकडच्या कानडीत हरीण. रस्त्याच्या मधोमध स्वतःची मार्गिका राखून धावणाऱ्या या बसमध्ये खिडकीशी बसून वहिनी दोन जणींना फोन करतात आणि शेजारणीच्या मुलीसाठी स्थळ सुचवतात. हरीण धारवाडला पोचेपर्यंत निम्मं लग्न ठरलेलं असतं.

पार्लरातही त्यांचं जोडकाम ठरलेलं. वॅक्सिंग आणि पेडिक्युअर, एका बैठकीत. यामागं अर्थशास्त्र आहे. वॅक्सिंग हे काम. केस वाढतात, ते काढावे लागतात, शिवाय दुखतं. आणि जे दुखतं ते वहिनींच्या हिशेबी कधीच चैन नसतं. पेडिक्युअरचं तसं नाही. तिथं आपण खुर्चीत बसायचं, पाय कोमट पाण्यात सोडायचे आणि दुसऱ्या कुणी ते चोळायचे. लग्न झाल्यापासून सणावाराला घरभर वाकून पाया पडलेल्या बाईला हे उलटं चित्र झेपत नाही. म्हणून पेडिक्युअर वॅक्सिंगच्या पदराआडून येतं, भाजीबरोबर कोथिंबीर यावी तसं.

पूर्वी त्या वॅक्स घरीच करत. साखर, लिंबू, पाणी; पाक एकतारीच्या पुढं आणि गोळीबंदच्या जरा अलीकडं उतरवायचा. रंग धारवाडी पेढ्याचा आला की झालं. पट्ट्या दादाच्या जुन्या जीन्सच्या. एकदा दादानं कसला पाक म्हणून बोट घालून चाटला आणि "लिंबू जरा जास्त झालंय" एवढंच म्हणून तो ऑफिसला गेला. त्या दिवसापासून वहिनी पार्लरात जाऊ लागल्या.

पार्लर एका घराच्या पुढच्या खोलीत. दाराला पडदा, आत अक्का. मागच्या महिन्यात दोन्ही हातांचं वॅक्सिंग आणि पायांचं पेडिक्युअर एकाच वेळी चाललेलं मी डोळ्यांनी पाहिलं. एक मुलगी हाताला पावडर लावून पट्ट्या ओढते आहे, दुसरी टबापाशी बसून टाचेवर प्युमिसचा दगड फिरवते आहे. एवढ्यात दादाचा फोन आला. वहिनींचा एक हात वॅक्सखाली, दुसरा पावडरीत. मुलीनं मोबाईल कानाशी धरला.

"गॅसचं पुस्तक कुठाय?"

"मला आत्ता उठता यायचं नाही," वहिनी म्हणाल्या.

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. दोन्ही हात गुंतलेले, दोन्ही पाय पाण्यात. कुठल्याही कामाला उपलब्ध नसलेली माझी वहिनी. त्यांच्या चेहऱ्यावर जी शांतता होती, ती नुसत्या साबणाच्या पाण्यानं येत नाही.

या खेपेला मात्र घोटाळा झाला. केस तांदळाच्या दाण्याएवढे वाढले होते, म्हणजे पट्टीला लागण्याजोगे, पण पायांचे. "पायांचं वॅक्सिंग करा, आणि लगेच पाय टबात," वहिनींनी फर्मावलं.

"ब्याड्री, वैनी," अक्का म्हणाली. "केस मुळापासून निघाला की तिथली छिद्रं उघडी पडतात. त्यावर मिठाचं पाणी, वर स्क्रब. आग आग होईल, आणि काही चिघळलं तर माझं नाव."

"मग आधी पेडिक्युअर."

"भिजलेली कातडी मऊ पडते, पट्टीबरोबर सोलते. आणि क्रीम लावलेल्या पायाला वॅक्स धरतच नाही."

मीही पुणेरी कर्तव्य बजावलं. अमेरिकेत, कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिल म्हणून गाव आहे. 2000 साली तिथल्या एका सलूनमध्ये पाय बुडवायच्या टबातून शंभरावर गिऱ्हाइकांच्या पायांना गळवं आली. पाणी खेळवणाऱ्या यंत्राच्या जाळीमागं केस आणि कातडीचा गाळ साठून त्यात जंतू वाढले होते. आणि आधी वस्तरा फिरवून पाय गुळगुळीत केलेल्यांना धोका जास्त होता.

वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्यांचा टब यंत्राचा. आमच्या अक्काचा प्लॅस्टिकचा आहे. घासून उन्हात पालथा घालते ती." हा मुद्दा बिनतोड होता. पण अक्का बधली नाही. "आज वॅक्सिंग. पाय परवा."

वहिनींचा चेहरा उतरला. जानेवारी 2025 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं धारवाडला वेगळी महापालिका द्यायला मान्यता दिली, तेव्हा वहिनींचा चेहरा असाच झाला होता. "वेगळं करून कुणाचं भलं झालंय?" असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या, आत्ताही तेच म्हणाल्या.

परवा उजाडला आणि वहिनी बेचैन झाल्या. नुसत्या पायांसाठी धारवाड? पेढ्यांचा डबा अजून भरलेला, बँकेचं काम नाही, कुणी आजारी नाही. कुणाला तरी ताप यावा अशी त्यांची सोज्वळ इच्छा दिसत होती. मग त्यांची नजर आईच्या टाचांवर गेली. चैत्रात हुबळीच्या काळ्या रानाला पडतात तशा भेगा. वर्षानुवर्षं कोकमतेल पिऊनही न मिटलेल्या.

"आईंना न्यायला हवं," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा रंग परत आला.

आई चिगरीत बसल्यापासून कुरकुरत होती. या वयात कसले लाड, माझे पाय आता वरच जायचे, वगैरे. अक्कानं पाय टबात ठेवले तशी ती गप्प झाली. पण मुलगी खाली बसून तिच्या पायाला हात लावू लागली आणि आईची पंचाईत झाली. पायाला हात लागला की आशीर्वाद द्यायचा, हा साठ वर्षांचा शिरस्ता. "औक्षवंत हो." मुलीनं दुसरा पाय धरला. "सुखी राहा." डावी टाच घासून होईपर्यंत त्या पोरीला नोकरी, नवरा आणि दोन नातवंडं मिळाली होती.

शेजारच्या खुर्चीत वहिनी. त्यांचे पायही टबात. हात मात्र मोकळे, म्हणून सवयीनं त्यांनी पिशवीतून मेथी काढली. अक्कानं काही न बोलता जुडी उचलून आत नेऊन ठेवली. वहिनी रिकाम्या ओंजळीकडं बघत राहिल्या. मग हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले.

"झालं का गं?" बऱ्याच वेळानं आईनं विचारलं, पाय मात्र हलवले नाहीत.

"सावकाश होऊ दे," वहिनी डोळे मिटूनच म्हणाल्या.

परतीच्या चिगरीत त्यांचा फोन वाजला. कुठं आहात, असं पलीकडून कुणीतरी विचारत असावं.

"काही नाही हो, आईंना घेऊन आले होते धारवाडला. त्यांच्या टाचा फार दुखायल्या होत्या." मग आवाज किंचित खाली आणून, "जाता जाता माझंही उरकलं."