समर्थक सापडेनात

ब्रिटनमधल्या किती लोकांना इराकवरची चढाई बरोबर वाटत होती? 'यूगव्ह' या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं २००३ मध्ये, मार्च ते डिसेंबर या काळात, हा प्रश्न २१ वेळा विचारला. सरासरी ५४ टक्के लोक म्हणाले, बरोबरच केलं. मग २०१५ साली त्याच संस्थेनं विचारलं, "त्या वेळी तुमचं काय मत होतं?" तेव्हा बरोबर वाटत होतं, असं सांगणारे निघाले ३७ टक्के. बाकीचे मेले म्हणावं, तर तेवढी मोठी साथ काही मधल्या काळात तिकडे आली नव्हती.

मत बदलणं हा गुन्हा नव्हे. पण ही मंडळी 'आमचं मत बदललं' असं म्हणतच नव्हती. आमचं ते मत कधी नव्हतंच, असं सांगत होती. आपण इराक युद्धात कसे उतरलो, याची चौकशी ब्रिटननं सात वर्षं केली आणि २०१६ साली चिलकॉट समितीनं त्यावर बारा खंड लिहिले. मायदेशात युद्धाचे समर्थक का सापडत नाहीत, यावर मात्र एक चोपडीसुद्धा निघाली नाही.

०००

या युद्धामागचा सिद्धान्त साधा होता. १ जून २००२ रोजी जॉर्ज बुश यांनी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत सांगितलं, की धोका पुरता उभा राहीपर्यंत थांबलो तर फार उशीर झालेला असेल. सप्टेंबरमध्ये हेच अमेरिकेचं अधिकृत सुरक्षा धोरण झालं. शत्रूनं हात उगारायची वाट पाहायची नाही. त्याच्या मनात हात उगारायचं येईल अशी शंका आली, की आपणच आधी ठेवून द्यायची.

मौज अशी, की या असल्या स्वसंरक्षणाला वेसण घालणारा नियम अमेरिकेनंच सांगितला होता. १८३७ च्या डिसेंबरात ब्रिटिशांची एक टोळी नायगारा नदी ओलांडून गेली आणि 'कॅरोलाइन' ही अमेरिकी बोट पेटवून तिनं धबधब्याच्या दिशेनं सोडून दिली. ही बोट कॅनडातल्या बंडखोरांना रसद पुरवत होती, आम्ही फक्त स्वतःचा बचाव केला, हे ब्रिटनचं म्हणणं. त्यावर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी सुनावलं: संकट अगदी उंबरठ्यावर आलेलं हवं, दुसरी वाट उरलेली नको आणि विचार करायलाही उसंत नको. तरच आधी वार करण्याचा हक्क. बोट आपली जळाली, की नियम असा लख्ख सुचतो.

इराकच्या वेळी उसंत भरपूर होती. विचार तेवढा झाला नाही. संयुक्त राष्ट्रांचे शस्त्रनिरीक्षक नोव्हेंबर २००२ पासून इराकभर फिरत होते. त्यांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी ७ मार्च २००३ रोजी सुरक्षा परिषदेला सांगितलं, की उरलेलं काम आठवड्यांत होणार नाही, त्याला वर्षंही लागणार नाहीत, काही महिने द्या. तेरा दिवसांनी बगदादवर बॉम्ब पडले. पुरावा यायची भीती वाटावी इतकी ती घाई होती.

साप म्हणून भुई धोपटणं आपल्याला ठाऊक आहे. या सिद्धान्तात एक सोय जास्तीची आहे. धोपटल्यावर काही निघालं नाही, तर 'बघा, पळवून लावला', आणि बिळंही रिकामी निघाली, तर 'पण असता तर?' ज्या गुन्ह्यासाठी शिक्षा द्यायची तो भविष्यकाळात असल्यामुळे हे युद्ध कधी चुकीचं ठरूच शकत नाही. त्याला साप लागत नाही. सापाला भिणारे प्रेक्षक मात्र लागतात.

०००

आणि प्रेक्षक जमले. बुश यांच्या सुरक्षा सल्लागार कॉन्डोलीझा राइस यांनी २००२ च्या सप्टेंबरात दूरचित्रवाणीवर अणुस्फोटाच्या ढगाची भीती घातली. त्याच महिन्यात ब्रिटनच्या ब्लेअर सरकारच्या पुस्तिकेनं ४५ मिनिटांत डागता येतील अशी शस्त्रं इराककडे असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ५ फेब्रुवारी २००३ रोजी सुरक्षा परिषदेत चिमूटभर पांढऱ्या पुडीची कुपी हातात धरून दाखवली. त्या दिवसांत परिषदेच्या दालनाबाहेर लावलेल्या पिकासोच्या 'गर्निका'च्या विणलेल्या प्रतिकृतीवर निळा पडदा टाकण्यात आला होता. युद्धाची भाषणं द्यायची तर मागे बॉम्बहल्ल्याचं चित्र बरं दिसत नाही.

पुढं वॉशिंग्टन पोस्टच्या चाचणीत ६९ टक्के अमेरिकनांना ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन याचा स्वतःचा हात असण्याची शक्यता वाटत होती. तसा पुरावा नाही, हे बुश यांनीच सप्टेंबर २००३ मध्ये कबूल केलं. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. सद्दाम संन्यासी नव्हता, हे खरंच. १९८८ साली हलब्जामध्ये त्यानं विषारी वायूनं हजारो कुर्दांना मारलं होतं. पण तेव्हा तो वॉशिंग्टनच्या मर्जीतला होता आणि पंधरा वर्षांनी ज्या चोरीसाठी त्याला धरलं, ती त्याची नव्हती.

लोकांना फसवलं गेलं, हे निम्मं खरं. उरलेलं निम्मं म्हणजे लोकांनी हौसेनं लावलेला हातभार. फ्रान्स युद्धाला विरोध करतो म्हणून अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपाहारगृहात 'फ्रेंच फ्राइज'चं 'फ्रीडम फ्राइज' असं बारसं झालं. 'डिक्सी चिक्स'च्या गायिकेनं लंडनमधल्या कार्यक्रमात बुश यांची लाज वाटते म्हटलं, तर मायदेशात तिच्या सीडींवर ट्रॅक्टर फिरवला गेला. तो ट्रॅक्टर काही व्हाइट हाउसनं पाठवला नव्हता. आणि अमेरिकेच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या 'इच्छुक राष्ट्रां'च्या यादीत पलाऊ, मार्शल बेटं, मायक्रोनेशिया, आइसलँड आणि कोस्टारिका होते. पाचांपैकी एकाकडेही सैन्य नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिले होते, इथे उंटही नव्हता.

०००

शस्त्रं नव्हती. शोधपथकाचं प्रमुखपद नुकतंच सोडलेल्या डेव्हिड के यांनी जानेवारी २००४ मध्ये सिनेटसमोर सांगितलं, की आम्ही जवळजवळ सगळेच चुकलो. दोन महिन्यांनी पत्रकारांच्या मेजवानीत बुश यांनी आपलीच छायाचित्रं पडद्यावर दाखवली. कचेरीत टेबलाखाली, फर्निचरमागे वाकून ते काही शोधताहेत. ती शस्त्रं इथंच कुठंतरी असणार, असा त्यावर विनोद. पत्रकार हसले. ज्यांनी विचारायचं तेच टाळी देत असतील, तर हिशेब कुणी मागायचा?

पाठोपाठ एप्रिलमध्ये अबू गरीबच्या तुरुंगातली छायाचित्रं बाहेर आली. नग्न कैद्यांचे ढीग, गळ्यात पट्टा, डोक्यावर काळी पिशवी चढवून खोक्यावर उभा केलेला माणूस. ही मूठभर नासक्यांची करणी आहे, असं सरकारनं सांगितलं. अकरा सैनिक दोषी ठरले, सगळ्यात मोठी शिक्षा दहा वर्षांची. तुरुंगाच्या प्रमुख असलेल्या महिला ब्रिगेडियर जनरलना कर्नल करण्यात आलं. त्याहून वर जबाबदारी चढली नाही, जिन्यात दम लागला असावा.

वरच्या मजल्यावर काय चाललं होतं? ऑगस्ट २००२ मध्ये न्याय खात्यानं एक टिपण तयार केलं. अवयव निकामी होताना किंवा मरताना होतील एवढ्या वेदना झाल्या तरच तो छळ, असा त्याचा हिशेब. टिपणावर सही करणारे जे बायबी पुढं संघीय अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मसुदा लिहिणारे जॉन यू बर्कलेला कायदा शिकवायला परत गेले. ग्वांटानामोमधल्या कैद्यांना चार तास उभं ठेवायला परवानगी देणाऱ्या कागदाच्या तळाशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी हातानं लिहिलं, की मी तर रोज आठ-दहा तास उभा असतो, मग चारच का?

पण अबू गरीबमध्ये होते कोण? रेडक्रॉसच्या अहवालात लष्करी गुप्तचर अधिकाऱ्यांचाच अंदाज नोंदला आहे, की इराकमधल्या कैद्यांपैकी ७० ते ९० टक्के चुकीनं पकडलेले होते. वस्तीला वेढा घालायचा आणि उद्या काही करील म्हणून आजच माणूस उचलायचा. म्हणजे देशाला लावलेला नियमच माणसाला लावला. तो नासक्यांनी शोधलेला नव्हता. वेस्ट पॉइंटपासून खाली झिरपत आला होता. शंकेवरून देश फोडणं मान्य असेल, तर शंकेवरून माणूस फोडण्याला आक्षेप कुठल्या तोंडानं घ्यायचा?

०००

आता नोव्हेंबर २००४. तोवर शस्त्रं नसल्याचं कळलं होतं. छायाचित्रं घराघरांत पोचली होती. २००० साली बुश देशभरात अल गोर यांच्यापेक्षा पाच लाखांहून जास्त मतांनी मागे होते, त्यांना न्यायालयानं तारलं, असं म्हणायला जागा होती. या वेळी बुश यांना सुमारे ६ कोटी २० लाख मतं पडली, निम्म्याहून जास्त. सहा महिन्यांनी ब्लेअरही पुन्हा निवडून आले.

इराकमधल्या चुकांबद्दल कुणालाच जबाबदार का धरलं नाही, असं जानेवारी २००५ मध्ये वॉशिंग्टन पोस्टनं बुश यांना विचारलं. त्यांचं उत्तर असं, की उत्तरदायित्वाचा क्षण येऊन गेला, त्याला २००४ ची निवडणूक म्हणतात. बुश यांची अनेक विधानं लोकांनी टिंगलीसाठी जपून ठेवली आहेत. हे मात्र चोख होतं. नासकी फळं कुठल्या झाडाची, हे ते मतदारांना सांगत होते, आणि झाडाला पाणी कोण घालतं तेही.

लोकशाहीत राजाला शिव्या घालून सुटका होत नाही. हुकूमशहाची प्रजा 'आम्हाला कुणी विचारलं?' म्हणू शकते. मतदाराला विचारलेलं असतं. इराकमध्ये नावानिशी नोंद झालेल्या आणि न झालेल्या मिळून लाखाहून जास्त नागरिकांचे जीव गेले, ते या विचारण्याच्या आणि होकार देण्याच्या हिशेबात धरावे लागतात.

तो हिशेब स्वतःहून मांडणारे अगदीच नव्हते, असं नाही. 'फ्रीडम फ्राइज'चं बारसं करणाऱ्यांत नॉर्थ कॅरोलायनाचे रिपब्लिकन खासदार वॉल्टर जोन्स होते. पुढं त्यांनी आपण चुकलो असं उघड म्हटलं आणि मेलेल्या सैनिकांच्या घरच्यांना हजारो पत्रं पाठवली. कचेरीबाहेर त्या सैनिकांचे फोटो लावले. पक्षानं डोळे वटारले, पण ज्या मतदारसंघात 'मरीन' सैनिकांचा मोठा तळ आहे, तिथले लोक त्यांना २०१९ साली मरेपर्यंत निवडून देत राहिले. तिकडे कोस्टारिकात कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयात गेला: आपल्या देशानं १९४८ साली सैन्य मोडीत काढलं, तर या यादीत आपलं नाव का? न्यायालयानं २००४ साली सरकारला नाव काढायला सांगितलं. बंदूक नसलेल्या देशातल्या बिनपदवीच्या पोराला जे उमगलं, ते दोन महासत्तांच्या संसदांना उमगलं नव्हतं.

०००

आपण यातून थोडक्यात वाचलो. २००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेला भारताचं सैन्य इराकमध्ये हवं होतं, सतरा हजारांच्या आसपास, उत्तरेकडचा भाग सांभाळायला. पाठवा म्हणणारे इथंही कमी नव्हते. महासत्ता बोलावते आहे, जगात वजन वाढेल, पुनर्बांधणीची कंत्राटं मिळतील. वाजपेयी सरकारनं १४ जुलैला नकार दिला. होकार दिला असता, तर एखादा तुरुंग आपल्याही पदरी आला असता, आणि छायाचित्रात आपल्या ओळखीचे चेहरे असते.

त्या मुलखात आपण याआधीही गेलो होतो. पुण्याचं नाव लावणारी सहावी डिव्हिजन कूतला वेढ्यात अडकली आणि १९१६ साली उपासमारीनं शरण गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. त्या मोहिमेबद्दल पुणेकरांचं मत साहेबानं विचारलं नव्हतं. २००३ मध्ये आपल्याला विचारलं जात होतं. फरक एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

जून २०२५ मध्ये इराणवर बॉम्ब पडले, तेव्हा पुन्हा तेच: आधी मारलं नसतं तर उशीर झाला असता. इराण अण्वस्त्र बनवत नसल्याचा गुप्तचर यंत्रणांचा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तचर संचालक या नात्यानं तुलसी गबार्ड यांनी मार्चमध्येच काँग्रेसला सांगितला होता. त्या काय म्हणतात याच्याशी मला कर्तव्य नाही, असं ट्रम्प म्हणाले आणि २२ जूनला अमेरिकी विमानं फोर्दोच्या अणुकेंद्रावर पोचली. पॉवेल यांना निदान एक कुपी तरी शोधून आणावी लागली होती. आता प्रेक्षक तेवढाही खर्च पाडत नाहीत.

अमेरिकी सिनेटनं ऑक्टोबर २००२ मध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी बुश यांना युद्धाचा अधिकार दिला. ती मतं नावानिशी नोंदली गेली, म्हणून होकार देणाऱ्या सिनेटर हिलरी क्लिंटन यांना २००८ साली आपल्या मताचा जाब द्यावा लागला. दिवाणखान्यातल्या होकाराची नोंद कुठंच होत नाही, म्हणून तो इतका स्वस्त असतो. तेव्हा पुढच्या खेपेला चहाच्या कपावरून 'आधीच ठोकलं पाहिजे' असं कुणी म्हणालं, तर वाद घालत बसू नका. कागद पुढे करा. नाव, गाव, तारीख आणि सही. युद्ध संपल्यावर सोयीचं पडेल.