डोंगरातली शांतता : बंदोबस्ताचे उपाय

बेळगावकराने आंबोलीला निघण्यापूर्वी एक माहिती पक्की करून घ्यावी आणि ती स्वतःपाशीच ठेवावी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे, आंबोली 690च्या आसपास. म्हणजे थंड हवेच्या ठिकाणी आपण चढून नव्हे, उतरून जातो. गाडीत हे बोलू नये. सगळ्यांनी स्वेटर घेतलेले असतात.

उतरायला जागा ‘पारंपरिक’च हवी. चिऱ्याच्या भिंती, कौलं, पडवी, शेणानं सारवलेलं अंगण, न्हाणीत तांब्याचा बंब, एवढं फोटोत दिसलं की लगेच फोन लावावा आणि विचारावं, “एसी आहे न्हवं?” असलंच घर आपल्या आजोळी होतं आणि तिथं राहायला पैसे पडत नव्हते. ते पाडून स्लॅब कोणी ओतला, हा विषय आगाऊ रक्कम भरताना काढायचा नसतो. ग्रीसमध्ये पेलिओन डोंगरावरच्या जुन्या दगडी वाड्यांचीही अशीच हॉटेलं झाली आहेत. त्या देशात उन्हाळ्यात दुपारचे काही तास आवाज करायचा नाही, असा नियमच आहे. आपल्याकडे दुपारी झोपायला कायदा लागत नाही, आणि झोपलेल्याला उठवायलाही लागत नाही.

सामान मोजकंच घ्यावं : कुंद्याचे दोन डबे (एक हिंडलग्यापर्यंत संपतो), मांडे, चिवडा, शेंगाचटणी, पत्ते, स्पीकर आणि स्पीकरचा चार्जर. निपाणीचे पाहुणे बरोबर असले तर तंबाखूची आठवण करावी लागत नाही.

बाची मागं पडून शिनोळी आली की महाराष्ट्र सुरू होतो. पाट्यांवरची लिपी बदलते आणि गाडीतला सीमाप्रश्न जागा होतो. 1956पासून जे सुटलं नाही ते आंबोलीपर्यंत सुटेल, या आशेनं प्रत्येक जण बोलतो. महाजन अहवाल निघाला तर चंदगड तालुका संपेपर्यंत खिडकीबाहेर कुणी बघत नाही, त्यामुळे काजूच्या बागा फुकट जातात. सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले मामा असतील तर त्यांना मागच्या सीटवर मधोमध बसवावं. पुढं बसले की त्यांच्या हातवाऱ्यांत ड्रायव्हरला रस्ता दिसत नाही.

पोहोचल्यावर यजमानांशी तत्काळ नातं जोडावं. “मामा, मोबाइलला रेंज कुठं मिळतीय ओ?” ही प्रस्तावना पुरे. ते परसातल्या फणसाखाली बोट दाखवतील. पुढचे दोन दिवस अख्खं कुटुंब त्या फणसाखाली उभं असतं, आणि अंगणातल्या खुर्च्या रिकाम्या. जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी आली की सगळ्याचे फोटो काढावेत आणि वहिनींना हळूच विचारावं, “चपाती न्हाई काय ओ?” पोरांसाठी मॅगी सांगावी.

हिरण्यकेशीचा उगम बघणं सक्तीचं आहे. गुहेतून पाणी येतं, शेजारी महादेवाचं देऊळ. तिथल्या कुंडात हिरण्यकेशीचंच नाव लाभलेला एक छोटा मासा सापडतो, म्हणून 2021 साली ही जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. मासा दिसला नाही तर मालकाकडे तक्रार करावी. तेवढ्यात बरोबरचं कुणीतरी म्हणतंच, “हीच नदी की ओ आपली संकेश्वरातली!” नदी खरोखर आजरा-गडहिंग्लज करत तिकडेच येते. तेव्हा वाद घालू नये. पेट्रोलचा हिशेब निघतो.

खरी कसोटी रात्रीची. पाऊस असेल तर कौलांवर जो ताशा सुरू होतो तो पहाटेपर्यंत थांबत नाही. त्यात बेडूक. इथल्या एका भेकाची शास्त्रीय नोंद नवी जात म्हणून 2009 साली झाली, आणि अभ्यासक पावसात भिजत, बॅटरी घेऊन या मंडळींच्या मागं फिरतात. सामान्य पर्यटकानं इतकं करू नये. दार किलकिलं करून “मामा, हे जरा बंद करता येतंय काय?” एवढं विचारावं. मामा नम्रपणे सांगतील, “तुमचा स्पीकर बंद झाला की त्यांचं काय ते बघतो.”

यावर अपमान वाटून घेऊ नये. सकाळी बिलात शंभर रुपये कमी करायला सांगावे, बंबाचं पाणी फार कडक होतं अशी नोंद वहीत करावी, आणि दिवाळीच्या सुट्टीसाठी तीन खोल्या धरून ठेवायला सांगून निघावं. शहापूरच्या साडूंनाही जरा निवांतपणा हवाच आहे. त्यांचा स्पीकर मोठा आहे.