पाककृतीला गाव का नाही?

‘लोणी खोलीच्या तापमानाला आणून घ्यावं.’ केकच्या जवळजवळ प्रत्येक कृतीची सुरुवात अशी होते आणि माझी तक्रारही इथूनच सुरू होते. कुणाच्या खोलीचं तापमान? लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे १८ ते २० अंशांची खोली असते. तेवढ्या गारव्यात लोणी बोटाने दाबलं तर खळगा पडतो, पण ते वितळत नाही. साखरेबरोबर फेटलं की त्यात हवेचे बारीक बुडबुडे कोंडले जातात आणि पुढे बेकिंग पावडरचा वायू त्याच बुडबुड्यांत शिरून केक फुगवतो. एप्रिल-मे महिन्यात आमच्या धाराशिवात पारा चाळिशी ओलांडतो. स्लॅबखालचं स्वयंपाकघर दिवस मावळल्यावरसुद्धा तापलेलंच असतं आणि लोणी तर बत्तीस-पस्तीस अंशांनाच पातळ होतं. पातळ लोण्यात हवा कोंडली जात नाही. केक बसका होतो आणि मग घरातले सगळे करणारीच्या हाताला नावं ठेवतात. दोष हाताचा नसतो. ‘खोलीचं तापमान’ असं लिहून आकडा न लिहिणाऱ्याचा असतो.

यीस्टचंही तेच. ‘मळलेलं पीठ उबदार जागी तासभर झाकून ठेवा.’ मे महिन्यात इथे घरातला कुठलाही कोपरा उबदारच असतो. पीठ अर्ध्या तासात दुप्पट होतं आणि पुढचा अर्धा तास ते आंबत राहतं, फसफसून खाली बसतं. डिसेंबरातल्या थंडीत तेच पीठ तासाभरात जेमतेम हलतं. लिहिणाऱ्याने घड्याळ दिलं, थर्मामीटर दिला नाही. नुसतं ‘दुप्पट होईपर्यंत’ असं लिहिलं असतं तरी भागलं असतं.

या बारीकसारीक गोष्टींचा मला मनस्ताप होतो, कारण घरी नवं काही करून बघणं मला फार प्रिय आहे. पीठ, पाणी आणि आच यांचं आपसांत काय चालतं ते स्वतःच्या हाताने कळणं यासारखा दुसरा आनंद नाही. एखादी वस्तू जमली की ती का जमली हेही कळतं, आणि तेवढं कळलं की पुढच्या दहा वस्तूंची वाट मोकळी होते.

ज्वारीचंच घ्या. आमच्याकडे खरिपात आता बघावं तिकडे सोयाबीन दिसतं, पण रब्बीची शाळू अजून टिकून आहे आणि भाकरीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून तिचं पीठ कणकेसारखं ताणलं जात नाही. भाकरी एकसंध राहते ती पिठाच्या विरीवर, म्हणजे चिकटपणावर. दळण जुनं झालं की विरी जाते आणि थापताना भाकरीच्या कडा फाटतात. त्यावर इथल्या बाया पिठात उकळतं पाणी ओततात. त्याने पिठातला स्टार्च शिजून चिकट होतो आणि भाकरी पुन्हा थापता येते. जपानी बेकर पावाच्या पिठातला थोडा भाग उकळत्या पाण्यात भिजवून रात्रभर ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या पिठात मिसळतात. त्याला ते ‘युदाने’ म्हणतात. त्याने पाव मऊ होतो आणि लवकर शिळा होत नाही. तिकडे जे बेकरीत चालतं तेच इथे काठवटीत चालतं. मी ज्वारीचं पीठ असंच उकळत्या पाण्यात भिजवलं, निववलं आणि गव्हाच्या पिठात चौथा हिस्सा घालून पाव भाजला. कवच खमंग, आतून ओलसर, वर ज्वारीचा गोडसर वास. लसणाच्या चटणीबरोबर असा पाव मी कुठल्याही बेकरीत खाल्लेला नाही.

त्यावर पहिला प्रश्न आला, ‘ज्वारीच खायची तर भाकरी काय वाईट होती?’ प्रत्येक वेळी हाच प्रश्न येतो. भाकरी वाईट आहे असं कुणी म्हटलेलंच नसतं. तरीही भाकरीच्या वतीने भांडायला कुणी ना कुणी उभं राहतं आणि समोरचा पाव गार होतो.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष ठरवलं होतं. त्या वर्षात ज्वारीच्या केकच्या आणि कुकीजच्या कृतींना उधाण आलं. त्या सगळ्यांत ‘एक कप ज्वारीचं पीठ’ असं होतं. काल गिरणीतून आणलेलं की पाकिटातलं, महिनाभर पडून राहिलेलं, याबद्दल अवाक्षर नव्हतं. कुकीजसाठी त्याने फारसं बिघडत नाही, कारण त्या खुसखुशीत व्हायला ग्लुटेन नकोच असतं. केकचं मात्र भुस्कट होतं. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी भाकरी थापली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही, आणि म्हणूनच मला वाटतं की त्या कृती लिहिणाऱ्यांनी ती थापलेली नसावी.

आता मापाबद्दल. अमेरिकेतला कप सुमारे २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा. अमेरिकेतला मोठा चमचा १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २० चा. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि मराठी घरांना वाटी-चमच्याच्या मापाने हमखास पदार्थ करता येऊ लागले. त्या पुस्तकाचे उपकार मी मानते. भाजी-आमटीला वाटी पुरते, कारण चव घेत घेत पुढे जाता येतं. केकला ती पुरत नाही. एकदा भट्टीत गेल्यावर त्यात चिमूटभरही काही घालता येत नाही. आमच्या मांडणीवरच्याच वाट्या दीडशेपासून दोनशे मिलिलिटरपर्यंत आहेत आणि त्याच वाटीत मैदा हलक्या हाताने भरला किंवा दाबून भरला तर वजनात सहज पाव हिश्शाचा फरक पडतो. चिपटं, मापटं, शेर, पायली ही आपल्या आज्यांची मापं दुपटीच्या हिशोबात चोख बसलेली होती: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. त्यांनी धान्य मोजताना हयगय केली नाही. मग आज ‘साधारण एवढं’ असं म्हणून मूठ दाखवणाऱ्यांना कृती सांगायचा अधिकार कुणी दिला? पाच-पाच ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा आता कुकरपेक्षा स्वस्त मिळतो. तरीही मी काट्यावर मैदा तोलू लागले की घरात हसू फुटतं. सोन्याच्या दुकानात तोलताना कुणी हसत नाही.

सगळ्यात जास्त राग मला खव्याच्या बाबतीत येतो, कारण हा आमच्या घरचा विषय आहे. भूम, वाशी, कळंब या भागात खव्याच्या भट्ट्या आहेत. कुंथलगिरी हे भूम तालुक्यातलं जैनांचं सिद्धक्षेत्र. तिथल्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि धाराशिवहून बीडकडे जाणारा माणूस कुंथलगिरीचा पेढा घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. म्हशीचं पाच लिटर दूध आटवलं की साधारण किलोभर खवा पडतो. कढईपुढे उभं राहून, उलथनं न थांबवता, दूध बुडाला लागू न देता ते आटवणं हे कष्टाचं आणि कौशल्याचं काम आहे. एवढ्या कष्टाने केलेल्या खव्याबद्दल कृतीत काय लिहिलेलं असतं? ‘मावा २०० ग्रॅम.’

कुठला मावा? पिंडी खवा घट्ट, कमी ओलाव्याचा, पेढ्या-बर्फीचा. धाप खवा मऊ आणि ओला, गुलाबजामचा. दाणेदार खवा कलाकंदाचा. पिंडीत आणि धापेत पाण्याचा फरक इतका असतो की एकाच कृतीत एकाने केक कोरडा होतो आणि दुसऱ्याने मधोमध कच्चा राहतो. मुंबई-पुण्याच्या इराणी आणि पारशी बेकऱ्यांनी मावा केक नावारूपाला आणला, त्याबद्दल त्यांचं कौतुक आहेच. पण ज्या जिल्ह्यात खवा होतो त्या जिल्ह्यात बसून मी केक करते, तेव्हा खव्याचं पूर्ण नाव कृतीत असावं ही माझी मागणी अवाजवी नाही. इथल्या पिंडी खव्याचा केक करून बघा. खव्यातच इतका स्निग्धांश असतो की लोणी कमी लागतं, कडा कॅरॅमलसारख्या तांबूस होतात, आणि वेलचीशिवाय दुसरं काही घालायची इच्छाच होत नाही.

किराणा दुकानात बेकिंग पावडर मागितली की खायचा सोडा पुढे येतो. ‘एकच असतंय हो ताई.’ एकच नसतं. सोड्याला फुगायला दही, ताक किंवा लिंबासारखं आंबट काहीतरी लागतं. पावडरीत ते आंबट आधीच मिसळलेलं असतं. पावडरीच्या मापाने सोडा घातला तर केक साबणासारखा लागतो. दुकानदाराला हे मी शांतपणे समजावून सांगते आणि तो शांतपणे ऐकून घेतो. पुढच्या महिन्यात पुन्हा सोडाच देतो.

वीज जाते. छोट्या ओव्हनला दीड हजार वॅटच्या आसपास वीज लागते, घरचा इन्व्हर्टर पंखे आणि दिवे चालवतो, ओव्हन चालवत नाही. केक फुगलेला असतो पण आतला गर अजून धरलेला नसतो, नेमकी तेव्हा वीज गेली की फुगलेला केक खाली बसतो आणि पुन्हा वर येत नाही. शेतकऱ्याला पिकाला पाणी द्यायला रात्री-अपरात्री उठावं लागतं, त्यापुढे माझा केक काहीच नाही, हे मला कळतं. पण ठरवून वीज बंद ठेवायची असेल तर तेवढा निरोप आदल्या दिवशी, वेळेसकट द्यायला काय हरकत आहे?

कुकरमध्येही केक होतो, असं कृतीच्या शेवटी एका ओळीत लिहितात. तळाशी मीठ पसरायचं, वर स्टँड, शिट्टी आणि रिंग काढून झाकण लावायचं, हे खरं. पण कुकरची आच फक्त खालून येते. वरचा भाग फिकट राहतो, तळ करपतो, आणि ओव्हनला लागणारा वेळ इथे लागू पडत नाही. ते कुणी लिहीत नाही. पूर्वी दिवाळीआधी रवा, मैदा, तूप, साखर डब्यात घालून बेकरीवर न्यायची आणि मजुरी देऊन भट्टीतून नानकटाई भाजून आणायची पद्धत गावोगाव होती. भट्टीवाल्याला आच कळायची. ती पद्धत पुन्हा सुरू झाली तर मी पहिला डबा घेऊन जाईन.

मग घरातली माणसं. ‘काय करलालीस गं? उघडून बघू का?’ असं विचारत आत्याबाई येतात, आणि उत्तर मिळायच्या आत ओव्हनचं दार उघडलेलं असतं. दार उघडलं की आतली आच क्षणात उतरते. कुणी म्हणतं, गॅस फार जातो. कुणी म्हणतं, साठ रुपयाला बाहेर मिळतंय की. नळाला पाणी रोज येत नाही आणि तू एवढी भांडी काढतेस, ही तक्रार मात्र रास्त आहे, ती मी ऐकून घेते. आणि मंगळवारी-शुक्रवारी देवीचा वार म्हणून अंडं वर्ज्य. तुळजापूर हाकेच्या अंतरावर असताना हे असायचंच आणि मला ते मान्यही आहे. कृती लिहिणाऱ्यांना मात्र अंड्याशिवायचे दोन वार आठवड्यात असतात याची दखलच नसते.

मला वाईट याचं वाटतं की प्रयोग हा शब्द फक्त केकसाठी राखून ठेवला आहे आणि तोही टोमणा म्हणून. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, या भागात प्रत्येक घरून अंबील शेतात जाते. ज्वारीचं पीठ ताकात किती वेळ आंबवायचं, लसूण किती, ती किती दाट ठेवायची, हे प्रत्येक घरचं वेगळं असतं. भज्जीत यंदा कुठल्या शेंगा पडतील ते रानात काय आहे त्यावर ठरतं. कुणीतरी कधीतरी हे सगळं पहिल्यांदा करून बघितलं, बिघडवलं, पुन्हा केलं. त्या बाईलाही कुणी म्हटलंच असेल, कशाला नसता उद्योग. तिने ऐकलं नाही म्हणून आज आपण शेतात बसून बिंदग्यातली अंबील पितो.

तेव्हा कृती लिहायची तर अशी लिहा. गाव धाराशिव, महिना एप्रिल, वेळ सकाळी सहा, स्वयंपाकघरात २८ अंश. लोणी ९० ग्रॅम, फ्रीजमधून काढून दहा मिनिटं झालेलं. साखर २०० ग्रॅम. कुंथलगिरीकडचा पिंडी खवा १५० ग्रॅम, मोकळा केलेला. अंडी दोन. मैदा १६० ग्रॅम, बेकिंग पावडर ५ मिलिलिटरचा एक सपाट चमचा, वेलची. दूध १०० मिलिलिटर, धाप खवा असेल तर ६०. अठरा सेंटिमीटरचा डबा, १७० अंश, चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं, पहिला अर्धा तास दार उघडायचं नाही. मंगळवार असेल तर अंड्यांऐवजी १०० ग्रॅम दही आणि पाव चमचा खायचा सोडा. तो दुकानात मागितल्याबरोबर मिळतो.