तात्यांना हे वाचून दाखवू नको

इन्व्हर्नेस, डिसेंबर 2025

ती. सौ. आईस,


आमच्या घरात कुणी बाई रडत नव्हती आणि तिच्यावर कुणी बाप्या ओरडतही नव्हता. तुझे जावई तेव्हा ड्युटीवर होते. तू फोनवर ऐकलंस ते पुस्तक. इथे लायब्ररीच्या कार्डावर वाचून दाखवलेली पुस्तकं फुकट मिळतात, आणि भांडी घासताना मी ती मोठ्यानं लावते. डेव्हिना पोर्टर म्हणून बाई आहे. नायक, नायिका, सैनिक, म्हाताऱ्या, सगळ्यांचे आवाज ती एकटीच काढते, आपल्या देवळातल्या कीर्तनकारबुवांसारखी. तेव्हा मावशीला जे काही कळवलं असशील, ते आजच्या आज दुरुस्त कर.

पुस्तकाचं नाव 'आउटलँडर'. डायना गॅबल्डन या अमेरिकन बाईनं स्कॉटलंड न बघताच लिहायला घेतलं, 1991 साली छापलं, आणि आता जगभरातून माणसं त्यातल्या जागा बघायला आमच्या गावात येतात. 1945 सालची इंग्रज नर्स नवऱ्याबरोबर आमच्याच इन्व्हर्नेसला फिरायला येते, एका उभ्या दगडाला हात लावते आणि 1743 मध्ये जाऊन पडते. तिथे एक इंग्रज कॅप्टन तिच्या मागे लागतो. त्याच्या तावडीतून सुटायचं तर स्कॉटिश माणसाशी लग्न करून स्कॉटिश व्हायचं, एवढीच वाट. नवरा मुलगा जेमी फ्रेझर, तांबड्या केसांचा, हायलँडचा. लग्न ठरवतो कोण? मुलाचा मामा! पहिल्या नवऱ्याची हरकत नाही, कारण तो अजून जन्मायचाच आहे. बत्तीस तासांच्या वर चालतं हे सगळं. शेजारच्या आजींचं म्हणणं, बाकी सगळं खरं मानते, पण हायलँडचा पुरुष बायकोशी इतकं बोलेल हे काही पटत नाही. म्हणून तर त्यांनी न्यूकॅसलचा, म्हणजे इंग्रज नवरा केला. इंग्लंडची मॅच असली की आजोबा बाहेरच्या खोलीत आणि आजी स्वयंपाकघरात समोरच्या टीमसाठी देव पाण्यात घालून!

(कुकर लावून आले.)

टीव्ही का बघत नाही विचारलंस. अगं, इथे घरात टीव्ही बघायला लायसन्स लागतं! थेट कार्यक्रम बघायचा तर 2025 सालचा दर वर्षाला 174.50 पौंड. म्हणजे वीस हजार रुपये, आणि वर डिश, नेट वेगळं. आप्पांना सांग, तुम्ही पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरायचात ना, तोच प्रकार. आपल्याकडे तो कधीच मोडीत निघाला, यांनी नुसतं रेडिओचं लायसन्स माफ केलं. गंमत पुढे आहे. काळा-पांढरा टीव्ही असेल तर 58.50 पौंडच! मी जावयांना म्हटलं, माळ्यावरचा आपला जुना डबा मागवून घेऊ. ते म्हणाले, त्याला बडवायला आप्पांनाही बोलवावं लागेल.

बघत नाही असं कळवेपर्यंत लायसन्सवाल्यांची पत्रं यायची थांबत नाहीत. दर वेळी भाषा जरा जास्त कडक. पहिल्या पत्रात आदरपूर्वक, पुढच्यात अधिकारी घरी येतील. येऊ देत. चहा टाकेन आणि बत्तीस तास ऐकवेन.

आता तात्यांच्या पिंकीचं लग्न. धारवाडचा कानडी मुलगा, इंजिनिअर, शाकाहारी, आणि तात्या जेवण सोडून बसलेत म्हणतेस. 1986 ला बेळगावात कन्नडसक्तीविरुद्ध लाठ्या खाल्लेला माणूस तो, रागावणारच. पण मुलाकडून आलेला पेढ्यांचा डबा तात्यांनी परत पाठवला तो निम्मा रिकामा होता, हे मला चुलतीनं कळवलंय. धारवाडच्या पेढ्याशी तात्यांचं वैर नाही म्हणायचं.

तात्यांवरून आठवलं, आम्ही परवा कलोडनच्या माळावर गेलो होतो, गावाजवळच आहे. 16 एप्रिल 1746 ला तिथली लढाई तासाभरात संपली आणि नंतर डोंगरातल्या पुरुषांना त्यांचा चौकटीचा पोशाख घालायलाही बंदी आली, ती 1782 पर्यंत. सगळे म्हणतात इंग्रज विरुद्ध स्कॉटिश. पण सरकारी फौजेतही स्कॉटिश पलटणी होत्या, आणि दोन्हीकडची संसद 1707 पासून एकच होती. आपल्या मराठी-कानडीचंही तसंच. तात्यांना एवढंच विचार, बाजारात म्हशीचा भाव कुठल्या भाषेत करता? कलोडनला फ्रेझर घराण्याच्या थडग्याच्या दगडापाशी लोक जेमीसाठी फुलं ठेवतात. पुस्तकातल्या माणसासाठी! मला हसू आलं, मग वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं. वाराच होता.

पिंकीला एक मात्र सांगू नको. 1754 पासून इंग्लंडात एकविशीच्या आतल्या पोरांना आईबापाची परवानगी लागायला लागली, तर पोरं सीमा ओलांडून स्कॉटलंडातल्या ग्रेटना ग्रीनला पळायची. तिथे दोन साक्षीदारांसमोर 'हो' म्हटलं की लग्न, आणि ते लोहाराच्या ऐरणीपाशी लागायचं. आपल्या सीमेवर संकेश्वरला लोहार आहेतच.

पार्सल मिळालं. कांदा-लसूण मसाल्याची पिशवी फुटली होती, त्यामुळे माझ्या स्वेटरांना आता तुझ्या माजघराचा वास येतो. धुतलेले नाहीत. साडेतीनला सूर्य मावळतो गं इथे. मग घरात कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं, म्हणून ते पुस्तक. तुझा रेडिओ सकाळी सहाला लागायचा तेव्हा मी उशी डोक्यावर घ्यायची. आता फोन करशील तेव्हा तो बंद करू नकोस.

पत्रिका मराठीत की कन्नडात यावरून भांडण लागलं तर दोन छापा म्हणावं. पण तारीख लवकर ठरवा. मेमध्ये तिकिटं चढतात, आणि जावयांना रजा आधी सांगावी लागते. आप्पांच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का ते लिहीतच नाहीस.

तुझी,
स्वाती