राज्यमान्य मंडळी

महाराष्ट्राचा राज्यपक्षी कोणता, हे छातीठोकपणे सांगणारा एकच वर्ग आपल्याकडे उरला आहे: स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं. बाकीचे मोर म्हणतात, फार तर पोपट. खरं उत्तर हरियाल. हिरवट-पिवळं रानकबुतर, पाय हळदीत बुडवल्यासारखे. वड-पिंपळ-उंबराची फळं खात हा शेंड्याला बसतो आणि पानांत असा मिसळतो की डोक्यावर अख्खा थवा असला, तरी आपल्याला फक्त खाली टपटपणारी फळं दिसतात. जमिनीवर उतरण्याचं त्याच्या सहसा मनात येत नाही.

राज्यप्राणी शेकरूचंही तेच. शेपटीसकट तीनेक फूट लांबीची ही तांबूस खार एका झाडावरून दुसऱ्या झाडावर वीस फुटांची झेप घेते, पण खाली येण्याचं टाळते. शिवाय एकाच वेळी अनेक घरटी राखून असते. आज मुक्काम कुठे, हे शत्रूला कळता कामा नये. म्हणजे राज्याचे हे दोन्ही प्रतिनिधी उंचावर राहणारे, जमिनीला पाय न लावणारे, आणि त्यातला एक तर अनेक घरांचा मालक. निवड करणाऱ्यांना प्रतिनिधित्वाची नेमकी जाण होती, असंच म्हणायला हवं.

थट्टा बाजूला ठेवली तर शेकरूची निवड मला मनापासून आवडते. ताडोबासारखं जंगल पदरी असताना आणि उठता-बसता वाघाच्या नावाने डरकाळ्या फोडण्याची हौस असताना आपण वाघ देशाकडे राहू दिला आणि खार घेतली. शेकरूला लागतं ते सलग जंगल, फांदीला फांदी भिडलेलं. मधली दोन झाडं तोडली, रस्ता काढला, की त्याची वाट बंद. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली मुख्यतः त्याच्यासाठीच झालं. शेकरू दिसलं म्हणजे वरचं छप्पर अजून फाटलेलं नाही, इतका सरळ हिशेब. मानचिन्हाने काही सांगायचंच असेल, तर असं काहीतरी सांगावं.

राज्यफूल ताम्हण बिचारं वक्तशीर. महाराष्ट्र दिनाच्या सुमाराला, कोणतंही परिपत्रक निघालेलं नसताना, जांभळं फुलून उभं राहतं. राणी पाकोळी २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू झाली. असा मान देणारं महाराष्ट्र पहिलंच राज्य. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हे राज्य कांदळवन वृक्ष ठरलं. चिखलातून श्वासासाठी मुळं वर काढणारं हे झाड. ज्या खाडीत रात्री भरावाचे डंपर रिकामे होतात, तिथे या सन्मानाची बातमी पोचली की नाही, देव जाणे.

मान आणि वागणूक यांतल्या अशा तफावतीत गोव्याची सर कुणालाच येणार नाही. २०१६ मध्ये तिथल्या कायद्याने माडाला झाडांच्या व्याख्येतून बाहेर काढलं. म्हणजे तोडायला परवानगीची कटकट नको. गोंयकार खवळले. आणि २०१७ मध्ये तोच माड राज्यवृक्ष! कालपर्यंत जे झाडच नव्हतं, ते एकदम झाडांचं प्रमुख झालं. एवढी जलद पदोन्नती सरकारी नोकरीतही कुणाला मिळाली नसेल.

आपल्याकडचा अलीकडचा मानकरी पापलेट, २०२३ चा राज्यमासा. पालघरच्या सातपाटीच्या मच्छीमारांनी ही मागणी लावून धरली होती, आणि ती काही कौतुकापोटी नव्हे. जाळ्यात पिल्लंच येऊ लागली, ती अंडी घालण्याआधीच बाजारात संपू लागली, म्हणून. आंबा राज्यवृक्ष आहे आणि तोही आपण खातो, हे खरं. पण फळ खाल्ल्याने झाड मरत नाही. माशाच्या बाबतीत ही सोय नाही. राजपत्रातला मान ताटातल्या भुकेला आवरत नसतो, जाळ्याच्या छिद्रांच्या आकाराची तपासणी आणि गिऱ्हाईकाचा नकार आवरतो.

तेव्हा बाजारात तळहातातही सहज मावेल असं पापलेट स्वस्तात मिळालं, तरी घेऊ नका. कोळीण मावशी चार शब्द सुनावतील, ते ऐकून घ्या आणि सांगा, मोठं झालं की नेतो.